‘सी नीट येणाऱ्याला रस्ट कशाला हवी?’

ड्रायव्हरकार: लिनक्सच्या कर्नेलमधील (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातील) मेमरीच्या चुका भाषेच्या नसून माणसाच्या असतात आणि ज्याला सी ही जुनी प्रोग्रामिंग भाषा नीट येते त्याला रस्ट या मेमरीच्या चुका आधीच रोखणाऱ्या नव्या भाषेची गरज नाही, असे काल येथे ठामपणे लिहिले गेले. मायक्रोसॉफ्टने 2019 मध्येच सांगितले होते की तिच्या उत्पादनांत दुरुस्त होणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे 70 टक्के मेमरीच्या असतात. तो कोड लिहिणाऱ्या सगळ्यांनाच सी येत नव्हती का?

माझ्यापुरते सांगतो. एका नेटवर्क ड्रायव्हरच्या (नेटवर्कचे उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) प्रोब फंक्शनमध्ये, म्हणजे उपकरण सुरू करणाऱ्या भागात, बफर (मेमरीतील राखीव जागा), इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक), टायमर अशी क्रमाने जुळवाजुळव होती आणि मध्येच काही फसले की गोटूने (सीमधील ‘अमक्या लेबलापाशी उडी मार’ या आज्ञेने) उलट्या क्रमाने सगळे सोडले जाई. पुढे कोणीतरी टायमर सुरू करण्याची ओळ वर सरकवली, पण खालची लेबले तशीच राहिली. इंटरप्टची नोंदणी फसली की बफर मोकळा होई, टायमर मात्र चालूच राही आणि त्याच मोकळ्या जागेत लिहीत बसे. कर्नेल कोसळे ते भलत्याच फाइल सिस्टममध्ये. कारण सापडायला अकरा दिवस गेले, आणि तो पॅच (कोडमधला बदल) मी स्वतः वाचून मंजूर केलेला होता.

जुनाजाणता: अकरा दिवसांचे दुःख समजू शकतो, पण एका ड्रायव्हरवरून कर्नेलची भाषा ठरत नाही. 1973 मध्ये युनिक्स (लिनक्सने जिचा कित्ता गिरवला ती ऑपरेटिंग सिस्टम) सीमध्ये नव्याने लिहिले गेले, म्हणून तर ते पुढे इतक्या वेगवेगळ्या यंत्रांवर नेता आले. आजही लिनक्स ज्यांवर चालते अशा काही जुन्या प्रोसेसरांसाठी सीचा कंपायलर (कोड यंत्राच्या भाषेत आणणारा प्रोग्राम) जीसीसी आहे, पण रस्टचा वापरण्याजोगा कंपायलर नाही. शिवाय तुमची गोटूची तक्रार शिळी झाली. 2023 पासून कर्नेलमध्ये क्लीनअपचे मॅक्रो (आवराआवर करणारे तयार कोड) आहेत. स्कोप (कोडचा तेवढा तुकडा) संपला की लॉक (एका वेळी एकालाच डेटा वापरू देणारे कुलूप) आपोआप सुटतो.

ड्रायव्हरकार: तो मॅक्रो वापरायला विसरलो तर कंपायलर मला अडवतो का? नाही! रस्टमध्ये लॉक घेतल्याशिवाय आतल्या डेटाला हातच लावता येत नाही. ‘काळजी घ्या’ एवढेच सांगणाऱ्या सोयीला सुरक्षा म्हणू नका.

जुनाजाणता: आणि दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेतले तर रस्ट वाचवते का? डेडलॉक (दोघांनी एकमेकांची वाट पाहत अडकून बसणे) तिथेही होतोच. हार्डवेअरच्या रजिस्टरशी बोलताना ‘अनसेफ’ (इथली जबाबदारी कंपायलरची नाही, माझी) लिहावेच लागते, हेही सांगत चला.

ड्रायव्हरकार: लागते, पण संशय घ्यायच्या जागा तेवढ्यापुरत्या उरतात. मला अकरा दिवस सगळ्या कर्नेलवर संशय घ्यावा लागला होता.

देखभालकर्ती: गोटूवरून तुम्ही दोघे हातघाईवर आलात आणि माझा प्रश्न तसाच राहिला. सीमधील एखाद्या फंक्शनची सही (ते कोणती माहिती घेते आणि देते ते) बदलली की त्यावर बांधलेला रस्टचा कोड मोडतो. तो दुरुस्त कोणी करायचा? 2022 च्या डिसेंबरात 6.1 आवृत्तीपासून रस्ट लिनक्समध्ये आली, पण माझ्या उपप्रणालीचे पॅच तपासणारे आम्ही दोघेच आहोत आणि त्यांपैकी रस्ट वाचता येणारे कोणी नाही. उत्साहाने ड्रायव्हर देऊन नंतर पत्राला उत्तर न देणारे लोक मी सीमध्येही पुष्कळ पाहिले आहेत. त्यांचे ओझे मी आजही वाहते आहे.

ड्रायव्हरकार: हे मात्र मला खोडता येत नाही. जो रस्टचा कोड देईल, त्यानेच तो सांभाळायचा, एवढी अट हवीच.

जुनाजाणता: ती अट लेखी असेल तर नव्या ड्रायव्हरांपुरती माझी हरकत नाही, हे नाइलाजाने लिहितो. शेड्युलर (कोणते काम कधी चालावे हे ठरवणारा भाग) आणि मेमरी व्यवस्थापन मात्र सीमध्येच राहील. तिथे माघार नाही.