झेंडा सत्याग्रहाशी ही तुलना पटत नाही

अमेरिकेतील शाळेत कॉन्फेडरेट झेंडा (तिथल्या यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांचा) मिरवणाऱ्या विद्यार्थ्यांची तुलना एका प्रतिसादात आपल्या नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहाशी केली आहे, ती मला मुळीच पटत नाही. सिव्हिल लाईन्समध्ये चरखा असलेला तिरंगा नेण्यास परकीय सत्तेची मनाई होती आणि ती मोडण्यासाठी देशभरातून आलेल्या सत्याग्रहींनी तुरुंगवास पत्करला. कॉन्फेडरेट झेंडा मात्र गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या सैन्याचा. तो ‘केवळ पूर्वजांचा वारसा’ असल्याचे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे, की शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा निकाल १९५४ मध्ये आला आणि अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याने हे चिन्ह आपल्या राज्यध्वजात घेतले ते १९५६ मध्ये, यादवी युद्ध संपून नव्वद वर्षे उलटल्यावर. कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळांबाहेर ठेवू पाहणाऱ्यांनीच तो तेव्हा उंचावला होता.