मरळीच्या तोंडातला गळ काढायला पक्कड कोणती घ्यावी?

दारणाकाठ:
मंडळी, दारणेवर मरळ लागतेय. आमिष म्हणून लावलेल्या रबरी बेडकाला दोन गळ असतात, ते जबड्यात खोल रुततात आणि ही बया तोंड घट्ट मिटून घेते. घरातली वायरमनची पक्कड एवढी जाड की आत शिरतच नाही. ऑनलाइन ‘फिशिंग प्लायर’ म्हणून निळ्या-लाल ॲल्युमिनियमच्या पकडी दिसतात, किंमत दोन हजारांच्या पुढे. घ्याव्यात का? शिवाय वडिलांचा एक जुना नोज प्लायर गंजून जाम झालाय, तो सुटेल का? दिवाळीनंतर डहाणूला खाऱ्या पाण्यावर जायचा बेत आहे, तेही लक्षात घेऊन सांगा.

अंबडचा_फिटर:
दोन हजार ठेव खिशात. मी टूलरूममध्ये आयुष्य घातलंय, रंग बघून हत्यार घेऊ नये एवढं नक्की सांगतो. टपारियाचा कारखाना आपल्या सातपूरच्या एमआयडीसीत आहे, आणि नाशिककर मासे धरायला परदेशी पक्कड मागवतात, याची मला गंमत वाटते. साधा लांब नाकाचा प्लायर घे. चिलापीला सहा इंची पुरतो, मरळीला आठ इंची बरा, कारण तिला दात आहेत आणि तुझी बोटं लांबच राहिलेली चांगली.

दुकानात दोन गोष्टी तपास. प्लायर मिटून उजेडासमोर धर. टोकं आधी टेकली पाहिजेत, मागे सांध्याकडे बारीक फट दिसली तर उत्तम. टोकाशीच उजेड दिसला तर परत ठेव, तो बारीक गळ धरणार नाही. मग दोन्ही मुठी आडव्या हलवून बघ. रिव्हेटमध्ये खडखड असेल तर जोर लावला की टोकं एकमेकांवरून सरकतात.

खाऱ्या पाण्याचं म्हणशील, तर स्टेनलेसमध्येही जाती आहेत. ४२० नंबरचं स्टील उष्णता देऊन कडक होतं, धार टिकते, पण खाऱ्या हवेत त्यावर डाग पडतात. ३०४ सहसा गंजत नाही, पण ते तसं कडक होत नाही, म्हणून पकडीतला तार कापायचा कटर लवकर बोथट. दुकानदार चुंबक लावून ‘चिकटलं, म्हणजे नकली’ म्हणाला तर हसून सोड. कडक होणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. ॲल्युमिनियमच्या पकडीत जबडे स्टीलचे, स्क्रूने बसवलेले. मिठाच्या पाण्यात या दोन धातूंच्या सांध्यात पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतात. डहाणूहून आलास की त्याच रात्री गोड्या पाण्याने धू, पुसून कोरडी कर, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोड. खोबरेल नको. निफाडच्या थंडीत ते गोठून बसतं, आणि पुढे चिकट होतं.

वडिलांचा प्लायर रात्रभर रॉकेलमध्ये नाहीतर डिझेलमध्ये बुडवून ठेव. सकाळी मुठी हळूहळू उघड-मीट कर, तारेच्या ब्रशने घास. गॅसवर तापवू मात्र नकोस, स्टीलचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो, मग तो पत्र्यासारखा वाकतो.

आता खरं सांगू? निम्मं काम पकडीचं नाहीच. गळाच्या टोकामागे जो उलटा दात असतो तो प्लायरने दाबून सपाट कर. दोरी ताणलेली ठेवलीस तर मासा फारसा सुटत नाही आणि गळ पटकन निघतो. काढताना गळाचं वळण धर, आधी किंचित आत रेट, मग शिरला त्याच वाटेने मागे फिरव. ओढाताण केलीस तर जबडा फाटतो. गळ घशात गेला असेल आणि मासा सोडायचा असेल, तर दोरी जवळून काप आणि सोडून दे.

चिलापी_बहाद्दर:
काकांचं सगळं मान्य, पण बारीक गळाला सर्जिकलच्या दुकानातली आठ इंची आर्टरी, म्हणजे डॉक्टरांचा कात्रीसारखा चिमटा, घ्या की भो. निमुळती असते, मूठ लॉक होते. मी तीच वापरतो, रोहूच्या पिल्लांनाही इजा होत नाही. मरळीला मात्र नाही चालत, वाकते.

दारणाकाठ:
काका, प्लायर सुटला! डिझेलची युक्ती लागू पडली. आता एकच: याच्या कटरने गळ कापता येईल का? मित्राच्या बोटात रुतला तर?

अंबडचा_फिटर:
स्टीलच्या कटरने बारीक गळ कापता येतो, जाड गळाला साइड कटर ठेव. ब्रेड, म्हणजे विणलेल्या, दोरीसाठी टंगस्टन कार्बाइडचं पातं असेल तर त्याला गळ लावूच नकोस, टवका उडतो. बोटात गळाचा उलटा दात आत गेला असेल तर कापाकापी नाही, ओढाओढ नाही. दोरी काप, गळाला धक्का लागणार नाही असं बोट गुंडाळ आणि दवाखान्यात ने. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलं होतं तेही विचारतील. डोळ्याजवळ रुतला असेल तर हातही लावू नकोस. आणि प्लायरला दोरी बांधून कमरेला अडकव, दारणेच्या गाळात पडला की मग शोधत बस.