बाबांना रोज डाळिंब द्यावं का? हिमोग्लोबिन 9.2, बीपी आणि साखर (बजेट महिना 1,200 रुपये)

निळीछत्री
नमस्कार मंडळी. बाबा 71 वर्षांचे. मागच्या आठवड्यात हिमोग्लोबिन 9.2 आलं. बीपीसाठी टेल्मिसार्टन बरीच वर्षं चालू आहे, साखरेसाठी मेटफॉर्मिन. जिना चढताना धाप लागते. सोसायटीतले सगळे म्हणतात रोज डाळिंब द्या, रक्त वाढतं.

प्रश्न असे: रोज एक अख्खं डाळिंब साखरवाल्याला चालतं का? दाणे द्यावेत की रस? बाबांना कवळी आहे, बिया खाली अडकतात आणि हिरड्या दुखतात. आणि सिंहगड रस्त्याच्या आसपास चांगली फळं कुठे मिळतील? बजेट महिन्याला 1,200, त्यावर जमणार नाही.

एक सांगायचं राहिलं. आटपाडीजवळ आमचीच चार एकर डाळिंबाची बाग होती. तेल्या (डाळिंबावरचा डागांचा रोग) आला आणि 2008 साली झाडं उपटावी लागली. तेव्हापासून बाबांनी विकतचं डाळिंब कधी हातात घेतलं नाही. आता स्वतःहून मागतायत, म्हणून मला द्यायचंच आहे.

राजहंस_पुणे
रसच द्या. आम्ही गेल्या दिवाळीत कोल्ड प्रेस मशीन घेतलं, 14,000 ला. रोज सकाळी आम्ही दोघं एकेक ग्लास घेतो. चेहऱ्यावर तेज आलंय असं सगळे म्हणतात. एकदाच खर्च होतो, दहा वर्षं बघायला नको.

निळीछत्री
राजहंस, बजेट 1,200 आहे हो.

राजहंस_पुणे
हप्त्यावर मिळतं.

आहारविहार
मी आहारतज्ज्ञ आहे, 16 वर्षं हेच काम करते. रस नको. एक कप रसाला दोन-तीन फळं लागतात, त्यात 30 ग्रॅमच्या आसपास साखर उतरते आणि चोथा सगळा टाकला जातो. तेच 100 ग्रॅम दाणे खाल्ले तर साखर 13-14 ग्रॅम, सोबत 4 ग्रॅम तंतू. साखरवाल्याने जेवणानंतर लगेच न खाता मधल्या वेळी मूठभर दाणे खावेत, सोबत चार बदाम किंवा शेंगदाणे.

आणि रक्तवाढीचं म्हणाल तर दाण्यांचा लाल रंग लोहाचा नसतो, अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो. जांभळाचा, लाल कोबीचा रंगही त्याच कुळातला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात 100 ग्रॅम डाळिंबात लोह जेमतेम 0.3 मिलिग्रॅम आहे. पुरुषाची रोजची गरज 19 मिलिग्रॅम धरतात. 9.2 हिमोग्लोबिन डाळिंबाने 12 होणार नाही.

माणदेशी_शेतकरी
0.3 कुठून काढलं ताई? सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने 2017 ला ‘सोलापूर लाल’ वाण दिलं. त्यात 100 ग्रॅमला 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह आहे आणि तुलनेला घेतलेल्या गणेश वाणात 2.7 ते 3.2, असं केंद्रानेच छापलंय. आमच्या फळाला उगाच नाव ठेवू नका.

आहारविहार
नाव ठेवत नाही, मी स्वतः रोज खाते. दोन ठिकाणचे आकडे वेगळे आहेत हे खरं. पण बाजारात मिळतो तो बहुतेक भगवा वाण, सोलापूर लाल निळीछत्रींना सिंहगड रस्त्यावर कोण देणार? 6 मिलिग्रॅम धरलं तरी फळा-भाज्यांतलं लोह शरीरात थोडंच शोषलं जातं.

माणदेशी_शेतकरी
भगव्याच्या नावावर काहीही विकतात हेही खरं. असो. निळीछत्री, मी सांगोल्याचा, तुमच्या शेजारचाच. कवळी असेल तर भगवा घेऊच नका, गणेश शोधा. दाणे फिकट गुलाबी असतात म्हणून शहरात लोक नाक मुरडतात, पण बी मऊ. ही जात पुण्यातलीच आहे, गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमांनी 1936 ला आळंदी जातीतून निवडली. माझ्या आजोबांना एक दात नव्हता, पण गणेशचे दाणे चावून खायचे.

फळ घेताना साल किती चमकते हे बघू नका. पिकलेलं फळ गोल राहत नाही, त्याला कंगोरे येतात, थोडं चौकोनी होतं. हातात वजनदार लागलं पाहिजे. सालीवर तेल्याचे काळे डाग असलेलं फळ निम्म्या भावात मिळतं आणि आतले दाणे बऱ्याचदा उत्तम असतात. तडकलेलं मात्र घेऊ नका. आम्ही घरी डागाळलेलीच खातो, चांगली सगळी निर्यातीला जातात.

कोथरूडची_माई
अगं, रस काढायला मशीन कशाला? दाणे मलमलच्या फडक्यात बांधायचे आणि वाटीवर पिळायचे. मिक्सरमध्ये घातलेस तर बी भरडली जाते आणि रस कडू होतो. माझ्या सासूबाईंना शेवटची तीन वर्षं असाच रस दिला, काळं मीठ आणि जिऱ्याची पूड घालून. आणि दाणे सोलताना फळ पाण्यात बुडवून सोल. पांढरी पापुद्री वर तरंगते, दाणे तळाशी बसतात, ओट्यावर डाग पडत नाहीत. डाळिंबाचा डाग सुती साडीवरून जन्मात निघत नाही.

राजहंस_पुणे
माईंशी सहमत, रसच द्या. मशीनमध्ये बी भरडली जात नाही.

मस्कतहून
इथे बाटलीतला शंभर टक्के रस मिळतो, आम्ही तोच आणतो. एकदा मात्र पक्के फसलो. पुढच्या बाजूला मोठं डाळिंबाचं चित्र होतं आणि मागे बारीक अक्षरात सफरचंद-द्राक्षाचा रस, वर साखर. माझ्या मिसेसची साखर 240 ला गेली तेव्हा लेबल वाचलं. बाटली घेणार असाल तर आधी मागची बाजू वाचा.

वॉर्ड_7
मी निवृत्त परिचारिका, 31 वर्षं मेडिसिन वॉर्डात काढली. सगळे रस की दाणे यावर बोलताय, पण 71 वर्षांच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन 9.2 आलंच का, हे कुणी विचारलंच नाही. बाईचं कमी असलं की पाळी, बाळंतपण अशी कारणं सापडतात. या वयाच्या पुरुषात आधी बघायचं की रक्त कुठून जातंय का.

निळीछत्री, चार प्रश्नांची उत्तरं द्या. बाबा गुडघेदुखीच्या गोळ्या घेतात का? शौचाला डांबरासारखं काळं होतं का? वजन उतरलंय का? मेटफॉर्मिन किती वर्षं? ती गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी12 कमी होऊ शकतं.

फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), पोटॅशियम आणि शौचातल्या रक्ताची तपासणी, एवढं या आठवड्यात करून घ्या. टेल्मिसार्टनमुळे मूत्रपिंडातून पोटॅशियम कमी बाहेर जातं. डाळिंबात ते भरपूर, कपभर रसात 500 मिलिग्रॅमच्या वर. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर एका वाटीने काही बिघडत नाही. पण क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर रोजचा ग्लास अंगाशी येतो. रिपोर्ट येईपर्यंत डाळिंब थांबवा.

निळीछत्री
गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी घेतात. मला वाटायचं कधीतरी. आत्ता विचारलं तर रोज एक, कधी दोन, सहा-सात महिने. शौचाचं सांगायला लाजतायत. मेटफॉर्मिन 9 वर्षं.

वॉर्ड_7
गोळी आजपासून बंद करायला सांगा आणि उद्याच डॉक्टरांकडे न्या. लाज वाटत असेल तर तुम्ही बाहेर थांबा, त्यांना एकट्याला बोलू द्या.

धन्वंतरी_गल्ली
गोड डाळिंब त्रिदोषघ्न, म्हणजे वात-पित्त-कफ तिन्ही शमवणारं सांगितलंय, पथ्यातलं उत्तम फळ. आमच्याकडे जुलाबासाठी दाडिमाष्टक चूर्ण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. बाबांना निर्धास्त द्या.

पिंपळपार
निर्धास्त वगैरे लिहू नका हो. माझ्या मेव्हण्याने कुठेतरी वाचलं की डाळिंबाने बीपी उतरतं, म्हणून रोज दोन ग्लास रस सुरू केला आणि गोळी परस्पर बंद केली. बाविसाव्या दिवशी 190/110. दवाखान्यात भरती. रसाने वरचं बीपी थोडंफार उतरल्याचे काही छोटे अभ्यास आहेत, ते मीही वाचलेत, पण थोडंफार म्हणजे पाच-सहा अंक, आणि तेही प्रत्येकाचं नाही. बहीण अजून या विषयावर माझ्याशी धड बोलत नाही, कारण तो लेख मीच पाठवला होता.

धन्वंतरी_गल्ली
मी गोळी बंद करा म्हटलेलं नाही.

चिंचवडचा_पक्या
सालीची पावडर कुणी घेतं का? मी वजनासाठी घेतली, चार दिवस पोट साफ झालं नाही.

धन्वंतरी_गल्ली
पक्या, साल स्तंभक असते, जुलाबावर म्हणूनच देतात. मनाने घेऊ नये. आणि मुळाच्या सालीच्या तर वाटेला जाऊ नका. पूर्वी जंतांवर देत, पण त्यातली अल्कलॉइडं विषारी आहेत.

कोथरूडची_माई
लोहासाठी अळिवाची खीर दे गं. आणि जेवणावर लगेच चहा नको.

आहारविहार
माईंना +1, विशेषतः चहाबद्दल. अजून एक, धाग्यात कुणाच्या घरी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजचा डाळिंबाचा रस सुरू करू नका. रक्त पातळ राहण्याचं प्रमाण बदलल्याच्या नोंदी आहेत. आणि तीन वर्षांखालच्या मुलांना दाणे मूठभरून देऊ नका, ठसका लागतो.

राजहंस_पुणे
मुलांनाही रसच बरा मग.

माणदेशी_शेतकरी
निळीछत्री, तुमची बाग आटपाडीत कुठे होती? 2008 ला आमचीही अडीच एकर गेली. वडिलांनी स्वतः जेसीबीवाल्याला बोलावलं आणि दिवसभर घरात बसून राहिले. आता परत लावलीये, पावसाळ्यात फूल धरत नाही, हस्त बहार, म्हणजे पावसाळा सरतानाचा फुलोरा घेतो. तेल्या कमी येतो. गणेश थोडी घरापुरती ठेवलीत. पण पेटी मागवू नका, एकट्या माणसाला 5 किलो जास्त होतं, आठवड्याला दोन-दोन फळं आणा.

आहारविहार
बरोबर, पेटी नको. घरात असलं की जास्त खाल्लं जातं.

निळीछत्री
उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

फेरिटिन 8. बी12 पण कमी. शौचातल्या तपासणीत रक्त सापडलं, म्हणून दुर्बिणीतून बघितलं. जठरात व्रण निघाला, त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी झालेला. तुकडा तपासायला पाठवला होता, कर्करोग नाही. आता व्रणाची औषधं, लोहाची गोळी आणि बी12 ची इंजेक्शनं चालू आहेत. वॉर्ड_7, तुम्ही विचारलं नसतं तर मी डाळिंबं सोलत बसले असते आणि आतून रक्त जातच राहिलं असतं. तुमचे उपकार कसे मानू कळत नाही.

क्रिएटिनिन 1.4, पोटॅशियम 5.1. डॉक्टर म्हणाले रस नको, दिवसाआड अर्धी वाटी दाणे चालतील, महिन्याने पोटॅशियम परत बघू.

आणि मी पेटी मागवली. सगळ्यांनी नको म्हटलं हे माहीत आहे. 5 किलो, गणेश, आटपाडीहून मामेभावाने एसटीने पाठवली, 650 रुपये अधिक हमाली. बाबांच्या वाटणीला दिवसाआड अर्धी वाटीच येणार, ती मी मोजून देते. बाकी पोरं खातील, फळं फ्रिजमध्ये महिनाभर टिकतात. दोन-दोन फळं पिशवीतून आणून बशीत ठेवणं मला नको होतं.

माणदेशी_शेतकरी
650 महाग पडली. मला सांगायचं होतं.

कोथरूडची_माई
कवळीचं काय झालं मग?

निळीछत्री
माई, कवळी काढून ठेवतात आणि हिरड्यांनी चावतात. गणेशची बी खरंच मऊ आहे, त्रास झाला नाही. पेटी आली तेव्हा मला हात लावू दिला नाही. सुतळी स्वतः सोडली, एकेक फळ कानाशी धरून बोटाने वाजवून बघितलं आणि तीन बाजूला काढली. ही आधी संपवा म्हणाले. संध्याकाळी कापली, तिन्ही आतून काळी पडायला लागली होती.