गावात बेकरी टाकतोय, एमपीसीबीचा (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचा) कन्सेंट, म्हणजे परवानगी, आधी घ्यायची की नंतर?

कराडी_खारी:
नमस्कार मंडळी, कराडजवळ आमच्या गावात खारी-टोस्टचं युनिट टाकायचं चाललंय. शेड घरचीच आहे, वडिलांच्या नावावर. उद्यम नोंदणी झाली, फूड लायसन्सचं चालू आहे, पीएमएफएमई या छोट्या खाद्य उद्योगांच्या केंद्राच्या योजनेतून लोनची फाईल केलीये (३५ टक्के सबसिडी बसते, जास्तीत जास्त १० लाख). आता बँकेचे साहेब म्हणतात प्रदूषण मंडळाचा कन्सेंट आणा. ओव्हनवाला म्हणतो आधी मशीन लावा, माल काढा, मग एकदाच घ्या काय ते. आणि एक एजंट भेटला तो म्हणे एनव्हायर्न्मेंट क्लिअरन्सच (पर्यावरण मंजुरी) लागणार, त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा अर्धा टाकून उठलो. रोजचा माल ४०० किलोच्या आसपास निघेल. लाकडाची भट्टी घालू की रोटरी ओव्हन ते अजून ठरलं नाहीये, लाकूड आमच्याकडे स्वस्त पडतं. कुणी केलंय का हे सगळं?

धुराडं७०:
एजंटला पहिला नमस्कार घाला. ते क्लिअरन्स प्रकरण २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरचा परिणाम तपासण्याच्या) नोटिफिकेशनमधलं, खाणी, सिमेंट, केमिकल, २०,००० चौरस मीटरच्या वरचं बांधकाम असल्या लोकांसाठी. बेकरीचा त्याच्याशी काही संबंध नाही.
तुम्हाला लागतो तो कन्सेंट, १९७४ चा पाण्याचा कायदा आणि १९८१ चा हवेचा कायदा या दोन्हीखाली, अर्ज एकच. त्यात दोन टप्पे, उभारणीआधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि माल काढायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट. म्हणजे ओव्हनवाला जे सांगतोय ते अगदी उलटं आहे, त्याला त्याचा ओव्हन खपवायचाय.
आता खरी गोष्ट. प्रदूषण किती त्यावरून धंद्यांचे रंग पाडलेत, लाल, नारंगी, हिरवा, पांढरा. सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या) २०१६ च्या यादीत बेकरी दोन ठिकाणी आहे. रोज १ टनाच्या आत माल आणि ओव्हन गॅसचा किंवा इलेक्ट्रिकचा असेल तर हिरवा, १ टनाच्या वर गेलात तर नारंगी. तुम्ही ४०० किलोवाले, म्हणजे हिरव्यात आरामात बसता, पण लाकूड घातलंत की त्या ओळीच्या बाहेर. हिरव्याला कटकट कमी. त्यामुळे ओव्हन कुठला हे आधी ठरवा, फॉर्म नंतर भरा. आणि हो, जानेवारी २०२५ मध्ये सीपीसीबीने वर्गवारी परत केलीये, निळा म्हणून नवा रंग पण आलाय, तेव्हा एमपीसीबीच्या पोर्टलवर आज तुमचा प्रकार कुठे दाखवतंय ते बघूनच पुढे जा.

बिनधास्त_भाऊ:
एवढं काय घाबरवताय त्याला, आमच्या तालुक्यात निम्म्या बेकऱ्यांनी कन्सेंटचा कागद बघितलेला नाही. चालू कर रे भावा.

मिरजवाली:
भाऊ, शेजाऱ्याने तक्रार करेपर्यंत सगळं चालतं. आमच्या लेनमध्ये एक फरसाणवाला होता, वरच्या मजल्यावर दम्याची पेशंट आजी, धूर थेट खिडकीत. ऑनलाइन तक्रार गेली, अधिकारी आले, कागद मागितला, नव्हताच. मंडळाला बंद करायचा आदेश काढता येतो आणि त्यात लाईट-पाणी तोडायला पण सांगता येतं, त्याचं कनेक्शन खरंच गेलं. दिवाळीच्या तोंडावर. पीठ भिजवलेलं तसंच राहिलं.
आणि लाकूड स्वस्त म्हणून जाऊ नका. मुंबईत हायकोर्टाने ९ जानेवारी २०२५ ला सांगितलं की लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी ६ महिन्यांत गॅस किंवा तसल्या स्वच्छ इंधनावर जावं. तो आदेश मुंबईपुरता आहे, कराडला लागू नाही, मान्य. पण वारं कुठल्या दिशेचं आहे ते कळतंय ना, आज लाखभर घालून भट्टी बांधायची आणि उद्या ती फोडायची?

नाना_हिशेबनीस:
फॉर्मबद्दल थोडं. फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, जमीन, शेड, मशिनरी सगळं धरून, घसारा न वजा करता, आणि त्याला सीएचा दाखला लागतो. लोक बँकेला एक आकडा देतात आणि इथे फी वाचवायला दुसरा, मग दोन्ही कागद समोरासमोर आले की फाईल अडकते. तसलं करू नका.
पाण्याचा तक्ता नीट भरा. पीठ मळायला किती, ट्रे धुवायला किती, कामगारांच्या मोरी-संडासाला किती, आणि त्यातलं बाहेर किती पडणार. खारीत मार्गारीन भरपूर, ट्रे गरम पाण्याने धुतले की ती सगळी चरबी गटारात जाते आणि गार झाली की पांढरा थर धरून पाईप तुंबतो. तेव्हा मोरीच्या तोंडाशी चरबी अडवणारी छोटी टाकी नकाशातच दाखवा. नंतर शेड फोडून ती बसवणं म्हणजे वैताग.
जनरेटर घेणार असाल तर त्याच्या धुराड्याची उंची बिल्डिंगच्या वर केव्हीएच्या (जनरेटरच्या क्षमतेच्या) वर्गमुळाच्या ०.२ पट मीटर. २५ केव्हीएचा घेतला तर छताच्या वर १ मीटर. हे लिहिलं नाही तर क्वेरी हमखास.
जागेचा झोन दाखला आणि ग्रामपंचायतीचा कागद जोडा. घरचीच शेड आहे म्हणालात पण वडिलांच्या नावावर आणि धंदा तुमच्या, तर भाडेकरार किंवा संमतीपत्र करून ठेवा.
अजून एक, कुणी म्हणेल ४ महिने झाले की कन्सेंट आपोआप मिळाला धरायचा. ते पाण्याच्या कायद्यात आहे, हवेच्या नाही. धूर तुमचा हवेतच जाणार, त्यामुळे त्या भरवशावर ओव्हन पेटवू नका.

कराडी_खारी:
सगळ्यांचे लय आभार, लाकडाचा विषय संपला. पण ओव्हनवाल्याचं कोटेशन डिझेल बर्नरच्या रोटरीचं आहे, गॅसवाला त्याच्यापेक्षा महाग सांगतोय. डिझेल चालेल का हिरव्यात?

धुराडं७०:
त्या ओळीत गॅस किंवा इलेक्ट्रिक एवढंच लिहिलंय, डिझेल नाही. बऱ्याच रोटरींना बर्नर बदलून मिळतो, गॅस बर्नरचं कोटेशन मागा. ॲडव्हान्स दिला नाही ना अजून?

कराडी_खारी:
नाय, सोमवारी द्यायचा होता. थांबवतो.