मेहुण्याचा रक्तगट जुळतो, पण...
"मेहुणा किडनी द्यायला तयार आहे, रक्तगटही जुळतोय, मग अडतंय कुठे?" असा प्रश्न येतो. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या लेखी मेहुणा 'जवळचा नातेवाईक' नाही. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा आणि नातवंडं, बस्स. मेहुण्यासाठी प्राधिकार समितीची (अशा अवयवदानाला मंजुरी देणाऱ्या समितीची) परवानगी लागेल, पैशांचा व्यवहार नाही हे पटवावं लागेल.

पेशंट ए आणि बायको बी गटाची म्हणून तिला बाद करू नका. पेशंट बी आणि दाता ए अशी दुसरी जोडी मिळाली तर स्वॅप होतो, म्हणजे दोन्ही कुटुंबं दात्यांची अदलाबदल करतात. (आरएच पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा इथे संबंध नाही, लोक उगाच घाबरतात.)

खरी मेख क्रॉसमॅचमध्ये, म्हणजे पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडीज आहेत का, हे बघणाऱ्या चाचणीत. पेशंटला रक्त चढवलं की अशा अँटिबॉडीज तयार होऊ शकतात, मग गट जुळूनही क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येऊ शकतो, म्हणजे शरीर ती किडनी नाकारण्याचा धोका असतो. हिमोग्लोबिन घसरलं तर आधी लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या (तांबड्या पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या) इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा. रक्त द्यावंच लागलं, तर नंतर क्रॉसमॅच पुन्हा करून घ्या.