मदत हवी आहे: किनारी गावासाठी भुयारी गटार की मैलागाळ उपसा?

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावर असलेल्या आमच्या नगरपंचायतीची लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास आहे. सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठी येथे दोन पर्याय चर्चेत असून नागरिकांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत. मी अभियंता नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

पहिला पर्याय भुयारी गटारे आणि खाडीलगत एकच प्रक्रिया केंद्र असा आहे. त्याचे गणित नेहमीच्या निकषांवर बसवलेले दिसते: माणशी रोज १३५ लिटर पाणी आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे दिवसाला साधारण ८ लाख ६४ हजार लिटर. माझी मुख्य शंका इथेच आहे. आमच्याकडे न्हाणीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या माडाच्या आणि पोफळीच्या अळ्यांत सोडले जाते आणि ते बंद करून गटारात घालायला कोणी सहज तयार होईल असे वाटत नाही. मग नळ्यांमध्ये प्रत्यक्षात येणारे पाणी बरेच कमी असेल, तर गाळ बसू नये यासाठी लागणारा सेकंदाला ०.६ मीटरचा वेग मिळणार कसा? उलट शिमगा आणि गणपतीला चाकरमानी येतात, मे महिन्यात पर्यटक येतात, तेव्हा भार एकदम वाढतो. शिवाय किनाऱ्यालगत भूजल इतके वर आहे की सांध्यांमधून मचूळ पाणी आत शिरेल आणि क्षारता सतत कमीजास्त होत राहिली तर जिवाणूंवर चालणारी प्रक्रिया बिघडेल, अशीही भीती वाटते. पावसाळ्यात वीज जाते तेव्हा पंपांचे काय, हा प्रश्न वेगळाच.

दुसरा पर्याय सेप्टिक टाक्या ठेवून त्यांचा ठरावीक काळाने उपसा करण्याचा आणि मैलागाळावर स्वतंत्र केंद्रात प्रक्रिया करण्याचा आहे. वाई आणि सिन्नर येथे साधारण तीन वर्षांतून एकदा प्रत्येक टाकी उपसण्याची पद्धत राबवली गेली आहे. खर्चाच्या दृष्टीने मला हाच मार्ग बरा वाटतो, पण त्यात एक मोठी उणीव दिसते. गाळ उपसला तरी टाकीतून रोज बाहेर पडणारे पाणी तसेच राहते, कारण टाकीत त्यातील सेंद्रिय प्रदूषणाचा काही भागच कमी होतो. ते पाणी शोषखड्ड्यात जाते, आणि आमचा जांभा सच्छिद्र असल्याने तिथून विहिरीत. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर असावा असा संकेत आहे, परंतु लहान आवारांमध्ये तेवढी जागाच नसते.

कोकणात किंवा गोव्यात अशा कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे: प्रवाह मोजल्याशिवाय केंद्राची क्षमता ठरवू नये, असा आग्रह सूचनेत धरणे योग्य ठरेल का? जांभ्याच्या जमिनीत शोषखड्ड्याऐवजी काय चालते? आणि पऱ्यावर (लहान ओढ्यावर) वनस्पतींच्या वाफ्यांची प्रक्रिया उभारली, तर तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ती टिकते का, की जुलैमध्येच वाहून जाते? सूचना महिनाअखेरपर्यंत द्यायच्या आहेत, त्यामुळे थोडक्यात उत्तर दिले तरी उपयोग होईल.