रॅम्पला सभेची मंजुरी कशाला लागावी?

तळमजला:
सहा वर्षांपूर्वी अपघातात मणक्याला मार बसला, तेव्हापासून व्हीलचेअरवर आहे. घर ठाण्यात, जुन्या बिनलिफ्टच्या इमारतीत, तळमजल्यावर. तळमजला म्हणजे मोठी सोय, असं लोकांना वाटतं. पण आमच्या प्रवेशाला तीन पायऱ्या आहेत. भाऊ आणि वॉचमन मिळून खुर्ची उचलतात. भाऊ कामावर गेला की मी घरात. आणि बाहेरून परत येताना वॉचमन जेवायला गेलेला असला, तर मी गेटपाशी उन्हात.

गेल्या वार्षिक सभेत रॅम्पचा विषय ठेवला. खर्च मी करेन, असं लेखी दिलं होतं. पाऊण तास चर्चा झाली. ‘एका घरासाठी इमारतीचं तोंड बिघडवायचं का?’, ‘आज रॅम्प, उद्या आणखी काही’, आणि शेवटी ‘पुढच्या सभेत बघू’. सभा गच्चीवर होती. माझ्याच विषयावरची चर्चा मला भावाच्या फोनवरून ऐकावी लागली.

माझं म्हणणं एवढंच, की स्वतःच्या घरात ये-जा करता येणं हा बहुमताचा विषय नाही. रॅम्प नियमात बसत असेल तर सोसायटीने नोंद घ्यावी, हात वर करायला लावू नयेत. राज्याने तसा नियमच करावा.

सेक्रेटरीकाका:
ताई, तुमचा त्रास वाचून वाईट वाटलं. तरीही विरोधात लिहितोय, कारण नऊ वर्षं सोसायटीचं काम बघतो आहे.

रॅम्पचा उतार एकास बारा हवा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. तीन पायऱ्या धरा दीड फूट, की अठरा फूट झाले. आमच्याकडे पायरीपासून गेटपर्यंत जेमतेम अकरा फूट, त्यात पाण्याच्या टाकीचं झाकण. लोकांच्या आग्रहाला बळी पडून कमी जागेत बसवला तर उतार खडा होतो, आणि पावसाळ्यात कुणी घसरलं की पत्र सेक्रेटरीला येतं. जागा सगळ्यांच्या मालकीची आहे. तिच्यावर कायमचं बांधकाम होणार असेल तर सभासदांना विचारायलाच हवं, मग खर्च कुणीही करो. मत घेऊ नका म्हणणं सहकारात बसत नाही.

शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणून शाळा, दवाखाने, कचेऱ्या, स्टेशनं यांची नावं आहेत. राहत्या सोसायटीचं नाव मला तरी दिसलं नाही. त्याच कायद्याने घरवाटपाच्या सरकारी योजनांत ५ टक्के आरक्षण दिलंय. सरकारने ती घरं नीट बांधून द्यावीत. सोळा बिऱ्हाडांच्या पेन्शनर इमारतीवर किती भार टाकायचा?

टी-स्क्वेअर:
वास्तुरचनाकार आहे, म्हणून फक्त मापांचं बोलतो. अठरा फूट सरळच लागतात असं नाही. मध्ये सपाट टप्पा देऊन रॅम्प वळवता येतो, भिंतीला समांतर नेता येतो. तेही जमत नसेल तर एवढ्या उंचीसाठी उभा उचलणारा छोटा प्लॅटफॉर्म बसतो, त्याला जागा फारच कमी लागते. काकांची खड्या उताराची भीती मात्र खरी आहे. घडीचा पत्रा तीन पायऱ्यांवर टाकून काम भागवणाऱ्यांनी तो नाद सोडावा.

जुन्या इमारतींचं आणखी एक दुखणं सांगतो. नंतर बाहेरून जोडलेली लिफ्ट बऱ्याच ठिकाणी दोन मजल्यांच्या मधल्या टप्प्यावर उघडते. लिफ्टला पैसे सगळ्यांनी भरलेले असतात, आणि घरापर्यंत अर्धा जिना उरतोच. बाथरूमचं दार सव्वादोन फुटी, म्हणजे सत्तावीस इंच. खुर्ची पंचवीस इंच. हाताने चाकं फिरवणाऱ्याची बोटं कुठे जाणार?

म्हणून माझा जोर पुनर्विकासावर आहे. २०१९ पासून ५१ टक्के सभासदांच्या संमतीने पुनर्विकास होतो, रोज नवे नकाशे निघतात. फ्लॅट किती चौरस फूट वाढून मिळेल यावर रात्र-रात्र भांडतात. दाराच्या रुंदीवर कुणी एक प्रश्न विचारत नाही.

आभाची आई:
तुमचं सगळं पटतं, पण तुम्ही दारापाशीच थांबलात. माझी मुलगी एकतीस वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे. पायऱ्या ती भराभर चढते. गॅस बंद करायचं तिच्या लक्षात राहत नाही. दार कुणाला उघडायचं ते कळत नाही. मी सदुसष्टची, हे त्र्याहत्तरचे. आमच्यामागे तिचं कोण, हा आमच्या घरातला घराचा प्रश्न आहे.

राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ‘घरौंदा’ नावाची योजना आहे, अशा प्रौढ मुलांना आयुष्यभर राहता यावं म्हणून. मला तशी घरं प्रत्येक तालुक्यात हवी आहेत. ‘स्वतंत्र राहू द्या’ हे ऐकायला छान आहे. रात्री दोन वाजता ती घाबरून उठली तर स्वातंत्र्य तिच्याजवळ येऊन बसणार आहे का?

पंचगंगाकाठ:
आई, तुमच्याशी वाद घालताना जड जातं, पण घालतो. मला पोलिओ आहे. सात वर्षं वसतिगृहात काढली. माणसं प्रेमळ होती, शिकलो तिथेच. पण साडेआठला दिवा बंद. पाहुणा आला तर बाहेरच्या बाकावर भेटायचं. भाजी कुठली खायची हे सात वर्षांत मला एकदाही कुणी विचारलं नाही. पुढे नोकरी लागली, खोली शोधली. घरमालक कुबड्या बघून म्हणायचे, ‘तुम्ही पडलात-बिडलात तर आमच्यावर येईल.’ अकरावी खोली मिळाली.

काका म्हणाले त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या ५ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आहे. विशिष्ट ठिकाणीच राहा, अशी सक्ती होऊ नये म्हणून सरकारने झटावं, असं त्यात आहे. २४ व्या कलमात जास्त मदत लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. रात्री शेजारी बसणारं माणूस त्या पैशातून तुमच्या राहत्या घरीही येऊ शकतं. आभाला तिची खिडकी, तिची गल्ली का सोडायला लावायची?

आभाची आई:
भत्ता माणूस आणेल. ते माणूस तिला मारत नाही ना, हे कोण बघणार? बंद फ्लॅटमध्ये एकटी ती आणि पगारी बाई. सामूहिक घरात निदान चार डोळे असतात. पण खिडकीचं तुमचं बरोबर आहे. ती रोज संध्याकाळी समोरच्या रिक्षा मोजते.

सेक्रेटरीकाका:
पंचगंगाकाठ, घरमालकांचं वागणं चूक, त्याला माझा पाठिंबा नाही. रॅम्पबद्दल मात्र मत कायम. टी-स्क्वेअर म्हणतात तो प्लॅटफॉर्म बसवला, तर दरवर्षीची देखभाल कोण भरणार? सिंकिंग फंडाला, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवलेल्या पैशाला, हात लावला की निम्मी इमारत अंगावर येते.

तळमजला:
काका, देखभालही मी भरेन, तेही लिहून देते. पण हे बघा. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना अडथळ्याविना ये-जा करता यावी यासाठीचे, नियम नुसते सल्ले म्हणून ठेवता येणार नाहीत, बंधनकारक किमान नियम करा. सोसायटीचं नाव कायद्यात दिसत नाही म्हणता, तर ते त्यात यावं यासाठीच मी हे लिहिलंय.

आणि इमारतीच्या तोंडाबद्दल. आमच्या सोसायटीने मागच्या वर्षी त्याच पायऱ्यांच्या बाजूला स्कूटर चढवायला सिमेंटचा उतार केला. वीतभर रुंद, खडा, माझ्या काही कामाचा नाही. तो सभेत मांडला गेला नव्हता. मिस्त्री आला, दुपारी चारपर्यंत काम झालं.

आता नकाशा काढून घेते आहे. टी-स्क्वेअर, भिंतीलगत साडेतेरा फूट जागा आहे, रुंदी सव्वासहा. वळण बसेल का?